खाजणातली मऊ जमीन, भाताचा तूस आणि नारळाची सोडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटली, भात झोडून झालं की माझ्याकडे फोन सुरू होतात. गिरणीमागे तुसाचे डोंगर उभे असतात, वाडीत सोडणांचे (नारळाच्या वरच्या सालींचे) ढीग पडलेले असतात आणि खाजणाकडेच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या, जमिनीत ट्रॅक्टर रुतलेला असतो. मग तूस-सोडणं त्या जमिनीत घातली तर ती घट्ट होईल का, असं कुणालाही वाटणारच. होतं. पण बहुतेकांच्या डोक्यात जी रीत असते, तिने होत नाही. खाडीकाठी गावातले रस्ते, आवारं, कोळंबीच्या तळ्यांचे बांध अशी कामं करताना जे प्रश्न परत परत आले, ते इथे लिहून ठेवतोय.

आमची जमीन एवढी मऊ का? वर सड्यावर तर पहार लागत नाही.

सडा म्हणजे जांभा. खाली खाडीच्या तोंडाशी आहे तो हजारो वर्षं खाऱ्या पाण्यात बसत गेलेला बारीक गाळ. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना कडेकडेने चिकटतात, पत्त्यांच्या बंगल्यासारखे, आणि त्या बंगल्याच्या खोल्याखोल्यांत पाणी कोंडून राहतं. शंभर किलो कोरड्या मातीमागे सत्तर-ऐंशी किलो पाणी, कधी त्याहूनही जास्त. नवी मुंबई, न्हावा शेवा ते थेट सिंधुदुर्गातल्या खाड्यांपर्यंत थोड्याफार फरकाने हीच जात.

पण 'पाणथळ' म्हटलं की सगळं एकच असं समजू नका. डोंगरउतारांच्या मधल्या भातमळ्यासुद्धा पावसात गुडघाभर रुततात. तिथे मात्र मीटर-दोन मीटर खाली मुरूम किंवा कातळ लागतो आणि पाणी गोडं असतं. तो रोग साधा आहे. खाजणात आठ-दहा मीटर पहार घातली तरी तळ सापडत नाही. तुमची जमीन यातली कुठली, हे आधी एका बोअरने ठरवा. पुढची सगळी उत्तरं त्यावर फिरतात.

तूस सरळ चिखलात ओतून वरून मुरूम टाकला तर?

नको. "आजी भिंतीच्या मातीत तूस मळायची, ती भिंत अजून उभी आहे," असं हमखास ऐकवलं जातं. खरं आहे. पण ती भिंत छपराखाली कोरडी होती आणि तुसाचं काम माती वाळताना भेगा रोखण्यापुरतं होतं. ओल्या जमिनीत कच्चा तूस चाकाखाली स्प्रिंगसारखा दबतो आणि उसळतो. त्यात सिलिका (वाळूत असते तीच) भरपूर असल्यामुळे तो सावकाश कुजतो, पण कुजतोच, आणि कुजला की मागे पोकळ्या राहतात. पेंढा तर दोन पावसाळे काढत नाही. पेंढ्याच्या भरावावर उभी केलेली शेड तिसऱ्या वर्षी एका कोपऱ्यात कलंडलेली मी पाहिली आहे. मालक वास्तुदोष काढत होते.

मग तूस जाळून त्याची राख?

ही खरी कामाची वस्तू. शंभर किलो भातातून साधारण वीस किलो तूस निघतो, वीस किलो तूस जाळला की चारेक किलो राख उरते आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. ही सिलिका एकटी काही बांधत नाही. तिला चुना लागतो. चुना, पाणी आणि सिलिका एकत्र आली की हळूहळू जो चिकट पदार्थ तयार होतो, तो सिमेंट घट्ट होताना बनतो त्याच जातीचा. मातीचे कण त्यात जखडले जातात.

चुना घातल्याबरोबर मातीत जो फरक दिसतो, तो वेगळा. चिकट लगदा तासाभरात रवाळ होतो, पायाला चिकटेनासा होतो. तो नुसत्या चुन्याचा गुण. लोक तेवढं पाहून खूश होतात आणि रोलर परत पाठवतात. राख आणि चुन्याची खरी मैत्री जमायला तीन-चार आठवडे जातात आणि पुढे कित्येक महिने ती वाढत राहते.

गिरणीची काळी राख चालेल का?

माझी पहिली फसगत इथेच झाली. एका आवाराच्या वाटेसाठी गिरणीमागची काळीकुट्ट राख फुकट मिळाली म्हणून दोन डंपर आणली. काळी म्हणजे अर्धवट जळलेली, कोळसा शिल्लक असलेली. कोळसा पाणी पितो आणि चुन्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं. त्यात काम मेच्या शेवटाला, वर वळवाचा पाऊस. जूनमध्ये त्या वाटेची काळी खीर झाली होती.

राख करडी ते पांढुरकी हवी. तूस ५०० ते ७०० अंश सेल्सियसच्या आसपास जळला तर सिलिका तरतरीत राहते. त्याच्या बऱ्याच वर, बॉयलरच्या भडक आगीत, तिचे स्फटिक बनतात आणि ती आळशी होते. म्हणजे फार पांढरी राख पाहूनही लगेच हुरळून जाऊ नये. शिवाय राख दळलेली हवी. न दळलेल्या राखेत तुसाचा मूळ आकार तसाच टिकतो, बोटात चुरून बघा, कळेल.

प्रमाण काय धरायचं?

मातीच्या कोरड्या वजनावर चुना ४ ते ८ टक्के, राख ५ ते १५ टक्के, या पट्ट्यात बहुतेक माती बसतात. नेमका आकडा प्रयोगशाळाच देईल. चुना पुरेसा झाला का, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे: मिश्रणाचा पीएच १२.४ च्या आसपास पोहोचला पाहिजे. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हे होतं.

आता एक हिशेब, जो मी प्रत्येक सरपंचांना कागदावर मांडून दाखवतो. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद वाट, तिचा वरचा २० सेंटिमीटर थर सुधारायचा. माती झाली ६० घनमीटर, कोरड्या वजनात साधारण ८४ टन. पाच टक्के चुना म्हणजे ४.२ टन, दहा टक्के राख म्हणजे ८.४ टन. ८.४ टन राखेला ४२ टन तूस लागतो, आणि ४२ टन तुसाला २१० टन भात! एकरी बारा क्विंटल धरले तर पावणेदोनशे एकरांचं पीक एका वाटेत गेलं.

म्हणून 'गावचा कचरा गावच्या रस्त्यात' हे ऐकायला गोड वाटलं तरी एका वाडीच्या तुसात ते बसत नाही. मुळात कोकणात तूस कचरा कधी नव्हताच. तो शेगडीत जातो, वीटभट्टीत जातो. राख मोठ्या गिरण्यांच्या बॉयलरमधून, एकगठ्ठा, तपासून आणावी लागते. आणि तूस आणायचा झाला तर ट्रक वजनाने नाही, आकाराने भरतो. घनमीटरला जेमतेम शंभर-सव्वाशे किलो बसतो. जाळून, राख करूनच हलवा.

चुना घातला की चिखल आपोआप वाळतो, असं कंत्राटदार म्हणतो. खरंय का?

अर्धं खरं, आणि हा अर्धेपणाच महागात पडतो. चुनकळी, म्हणजे न विरलेला चुना, विरताना पाणी खाते: ५६ किलो चुनकळीला १८ किलो पाणी. म्हणजे शंभर किलो कोरड्या मातीत पाच किलो चुनकळी घातली तर ती जेमतेम दीड किलो पाणी बांधते, उष्णतेने आणखी एखाद-दोन किलो उडतं. कोरडी राख दहा किलो मिसळली म्हणून प्रमाण आणखी खाली येतं. सगळं धरून ऐंशी टक्के पाण्याची माती पासष्ट टक्क्यांच्या आसपास येते. रोलरखाली नीट दाबली जायला ती त्याच्या निम्म्याजवळ यायला हवी.

तेव्हा आधी पाणी काढा, मग राख-चुना. कडेने चर मारा, उतार द्या, ओहोटीला पाणी बाहेर पडेल अशी सोय करा, माती नांगरून उन्हात दोन-तीनदा उलटीपालटी करा. रायगडात खाजणं लागवडीखाली आणणारे जुने लोक हेच करत. आधी बांध, बांधाला उघाडी, ओहोटीला उघडायची, भरतीला मिटायची, आणि मग जमिनीला एक-दोन पावसाळे द्यायचे. त्यांच्याकडे रोलर नव्हता, पण घाईही नव्हती. मी जेवढी फसलेली कामं पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत मिश्रण ठीकच होतं. पाण्याला वाट नव्हती.

चुन्याऐवजी सिमेंट घातलं तर?

चालतं, आणि खाऱ्या गाळात पुष्कळदा जास्त खात्रीचं. राख सिमेंटसोबतही काम करते, थोडं सिमेंट वाचवते. सिमेंट मिसळल्यावर दोन-तीन तासांत दाबणं उरकावं लागतं, चुना त्याहून जास्त सवड देतो. हाताने, फावड्याने काम करणाऱ्या गावात ही सवड मोलाची असते.

नारळाच्या सोडणांचं काय? आमच्याकडे तूस नाही, माड आहेत.

मग तुमच्याकडे तुसापेक्षा चांगली वस्तू आहे. सोडणांतून निघणाऱ्या काथ्यात लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारं द्रव्य) चाळीस टक्क्यांच्या वर असतं, त्यामुळे तागाच्या मानाने तो पाण्यात कितीतरी जास्त टिकतो. त्याचे दोन उपयोग आहेत.

पहिला म्हणजे विणलेली काथ्याची जाळी. सरकारी भाषेत 'कॉयर भूवस्त्र'. चिखल आणि मुरूम यांच्यामध्ये ती अंथरली की मुरूम चिखलात बुडत नाही आणि चिखल वर येत नाही. तुम्ही दरवर्षी त्याच खड्ड्यात मुरूम टाकता आणि दरवर्षी तो गडप होतो. तो जातो कुठे? खाली चिखलात. जाळी ते थांबवते. वजन चौरस मीटरला ४०० ते ९०० ग्रॅम अशा प्रतींत मिळतं, रस्त्याला जड प्रत घ्या. अंथरताना दगड, बुंधे काढा, दोन पट्ट्या एकमेकींवर किमान वीतभर चढवा आणि जाळीवर थेट गाडी नेऊ नका. आधी मुरमाचा वीत-सव्वावीत थर पुढे ढकलत न्या, गाडी त्या थरावरून.

दुसरा उपयोग मला जास्त आवडतो. पाणी काढायच्या उभ्या वाती. १९८० च्या दशकात सिंगापूरमध्ये तागाच्या आवरणात काथ्याच्या दोऱ्या घातलेली पट्टी बनवली गेली. ती यंत्राने गाळात खोल खोवायची आणि वर भरावाचं वजन ठेवायचं. दाबामुळे पाणी जवळच्या वातीकडे आडवं सरकतं आणि वातीतून वर येतं. गाळातून पाणी निघायला लागणारा वेळ वाटेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वाट निम्मी केली की वेळ पाव. आठ मीटर गाळातून वर यायला वर्षानुवर्षं घेणारं पाणी, मीटर-सव्वा मीटरवर वाती असतील तर काही महिन्यांत निघतं. न्हावा शेवा बंदराच्या यार्डांत तत्त्व हेच वापरलं, वाती मात्र प्लास्टिकच्या. एका घरासाठी ते यंत्र परवडत नाही, हे आधीच सांगतो. पाच-सहा एकरांचं काम असेल तर विचारा.

काथ्या तर तीन-चार वर्षांत कुजेल. मग रस्ता खचेल ना?

हा प्रश्न विचारणारा विचार करणारा असतो. कुजेल, पण तोवर जाळीचं काम झालेलं असतं. वरच्या भरावाच्या वजनाने खालचा गाळ पाणी सोडत सोडत आवळत जातो आणि स्वतःच बळकट होतो. जाळीची गरज पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत असते, म्हणजे गाळ कमकुवत असतो तेव्हाच. काँक्रीट ओतताना लाकडी फळ्या लावतो, नंतर काढतो, तसं. पाणी बाहेर पडायला वाट नसेल तर मात्र गाळ आवळणार नाही, आणि मग तुमची भीती खरी ठरेल.

सरकारी रस्त्यात हे मान्य आहे का?

आहे. २०२० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात कॉयर भूवस्त्र वापरायला मान्यता मिळाली. सात राज्यांत मिळून १,६७४ किलोमीटर ठरले, त्यात महाराष्ट्राचे ३२८. चुना-मातीच्या मिश्रणासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ५१ ही मार्गदर्शिका आहे, सिमेंट, चुना, दगडी कोळशाची राख (फ्लाय अॅश) या सगळ्यांसाठी त्यांचीच एसपी ८९. काँक्रीटचं मानक, आयएस ४५६, तुसाच्या राखेचं नाव घेऊन परवानगी देतं, गुणवत्ता दाखवण्याच्या अटीवर. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात हे आकडे लिहा, फाईल कमी वेळा परत येते.

मला खाजणाकडेच्या प्लॉटवर घर बांधायचंय. राख-चुना घालून पाया घेऊ का?

नाही. इथे मी फोनवर सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण ऐकून घ्यायचं नसतं.

राख-चुन्याने सुधारतो तो वरचा वीत-दोन वीत थर. त्याच्याखाली सात-आठ मीटर लगदा तसाच आहे. घराचं वजन वरचा थर पसरवेल, पण खालचा गाळ दबतच राहील, आणि एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. चिऱ्यांच्या भिंतीला हा कमी-जास्तपणा अजिबात सोसत नाही. सांध्यासांध्यांतून जिन्यासारखी तडा जाते.

त्याहून मोठी चूक भरावाची. "जोतं उंच घेतलं, दीड मीटर मुरूम भरला, आता चिंता नाही," असं म्हणतात. त्या मुरमाचं वजन चौरस मीटरला पावणेतीन टन. साधं दोन मजली घर सरासरी तेवढंच भरतं. म्हणजे घर बांधण्याआधीच तुम्ही गाळाच्या डोक्यावर एक घर ठेवलं. अगदी मऊ गाळ चौरस मीटरला सुरक्षितपणे दीड-दोन टनच पेलतो. भरावाच्या कडेने शेजारच्या शेतात चिखल फुगून वर आलेला दिसला तर समजा, गाळ पायाखालून निसटतोय. भराव टप्प्याटप्प्याने, मध्ये महिने सोडून घालायचा असतो. शक्य तर एक अख्खा पावसाळा तो बसू द्या.

घराला पर्याय म्हणजे खालच्या पक्क्या थरापर्यंत पाइल (खोल खांब), किंवा हलकं बांधकाम आणि अखंड राफ्ट (सगळ्या घराखाली एकच काँक्रीटचा पाट). तिसरा पर्याय म्हणजे सड्याच्या कडेला जागा शोधणं. शेवटचा सल्ला दिला की लोक नाराज होतात. खाडीचं दृश्य तिथून जास्त चांगलं दिसतं, हे त्यांना नंतर कळतं.

राख-चुना घरासाठी कुठे वापरा? फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेला, गाडी लावायच्या जागेला, बांधकामाचा ट्रक आत यावा म्हणून.

घाटावरून उसाच्या बगॅसची (चिपाडांची) राख आणली तर?

कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांची राख भरपूर आहे. सिलिका तुसाच्या राखेपेक्षा कमी आणि न जळलेला कोळसा बहुधा जास्त. चाळून, दळून चालते. घाट उतरून येण्याचं भाडं मात्र राखेपेक्षा भारी पडतं. रिकामा परतणारा ट्रक मिळाला तर बघा.

काजूची टरफलं?

त्यांत झोंबणारं तेल असतं. मातीत घालू नका, उघड्यावर जाळूही नका. ती प्रक्रिया करणाऱ्यांनाच विका.

काम कधी काढावं?

पाऊस संपून जमीन वरून वाळली की, म्हणजे डिसेंबर ते एप्रिल. मिश्रणाला किमान चार आठवडे उबदार, ओलसर आणि निवांत हवेत, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यानंतर मी नवा थर धरत नाही. मृग ठरल्या दिवशी येतोच असं नाही, पण वळीव कधीही येतो.

खाडीकाठी आणखी एक गोष्ट, पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जमिनीतलं पाणीही वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग (कमी चढणारी भरती) असतो, तेव्हा खोदाई आणि मिसळणी उरका. कोळ्यांना हे सांगावं लागत नाही, शहरातून आलेल्या सुपरवायझरला सांगावं लागतं.

मिसळायला खाडीचं पाणी चालेल का?

गोडंच वापरा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. चुना, मातीतलं अॅल्युमिनियम आणि सल्फेट मिळून फुगणारे स्फटिक तयार होतात आणि घट्ट झालेला थर वर्ष-दोन वर्षांनी उकलतो. खाजणाच्या मातीत सल्फेट आधीच असतं, म्हणून मातीची सल्फेट चाचणी न चुकता करा. काळी, कुजकट वासाची माती असेल तर सेंद्रिय भाग जास्त आहे. तो चुना खाऊन टाकतो, काम होऊ देत नाही.

कांदळवनाच्या कडेला करता येईल?

कांदळवनाला हात लावायचा नाही, आणि त्याच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना वेगळी लागू होते. चुन्याचं धुवण खाडीत किंवा कोळंबीच्या तळ्यात गेलं तर पाण्याचा पीएच चढतो आणि मासे मरतात. कडेने मातीचा वरंबा घाला आणि पाऊस दिसला की काम झाकून ठेवा.

अंगाला काही अपाय?

चुनकळी डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. चष्मा, हातमोजे, बूट, आणि जवळ स्वच्छ पाण्याचं पिंप. गडीमाणसं "आम्ही पानाला रोज चुना लावतो" म्हणून हसतात. तो विरलेला असतो. राखेची धूळ छातीत जाते, फार भडक जळलेल्या राखेची जास्त घातक. तोंडाला पंचा बांधून भागत नाही, मास्क घ्या, राख किंचित शिंपडून ओलावा.

शेंगांनी माती घट्ट करतात असं वाचलं. चेष्टा आहे का?

चेष्टा नाही. आपल्या अबईच्या जवळच्या नात्यातल्या एका शेंगेत युरिएज नावाचं एन्झाइम भरपूर असतं. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी त्याच शेंगेपासून ते स्फटिकरूपात वेगळं काढलं आणि पुढे १९४६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे एन्झाइम, युरिया आणि कॅल्शियमचा क्षार मिळून कणांमध्ये चुनखडी तयार होते. वाळूत ते छान जमतं. आपल्या गाळातल्या बारीक छिद्रांत ते द्रावण शिरतच नाही. अबईची भाजी करा.

प्रयोगशाळेत जाण्याआधी घरी काही बघता येईल का?

येईल. मीटरभर खोलीवरची माती काढा, वाळवा, कुटा. लिंबाएवढे तीन गोळे करा: एक नुसत्या मातीचा, दुसरा मातीत पाच टक्के चुना, तिसरा पाच टक्के चुना आणि दहा टक्के राख. वजन काट्यावर करा, मुठीने नको. तिन्ही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सावलीत २८ दिवस ठेवा. मग एक रात्र पाण्यात सोडा. पहिला सकाळपर्यंत चिखल होऊन तळाला बसलेला असेल. दुसरा आणि तिसरा बाहेर काढून अंगठ्याने दाबा. तिसरा दुसऱ्यापेक्षा टणक निघाला तर राख कामाची आहे, नमुना घेऊन कॉलेजात जा. दोन्ही सारखेच निघाले तर राखेचे पैसे आणि भाडं वाचलं. आणि तिन्ही विरघळले तर फोन करण्याआधी मातीचा वास घेऊन बघा.